आबांची बंदूक आणि बिनधोक काडतूस

आमच्या घरातल्या बंदुकीनं आजवर एकही रानडुक्कर मारलेलं नाही. माझा जीव मात्र पुरता काढला आहे.

आमच्या पेडगावच्या रानात भुईमूग भरला, की ते डुकरांना आमच्या आधी कळतं. यंदा निम्मं रान उकरून झालं, तेव्हा माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, पणजोबांची बंदूक आठवली. एका वेळी एकच काडतूस बसणारी, परवाना असलेली आणि माझ्या जन्मापासून गप्प असलेली.

"दुरुस्त करून घेऊ," आबा म्हणाले. "अन् काडतूस मोठं बसवू. डुकरं लय माजलेत."

"आबा, नळी जुनी हाय. आताची दारू तिला सोसायची न्हाई. कॅलिबर लहानच पायजे." (कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, हे मला आदल्याच दिवशी मोबाइलवर कळलं होतं. शहाणं व्हायला मला तेवढा वेळ पुरतो.)

"मोठं," आबा म्हणाले.

"लहान," मी म्हणालो. त्यानंतर आमच्यात दुसरं संभाषण झालं नाही.

शेवटी दोघंही परभणीला परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं नळीत माप घातलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "भोक लयच बारीक दिसायलंय."

मी विजयी मुद्रेनं आबांकडे पाहिलं. "बघा! म्या काय म्हणत होतो?"

तेवढ्यात त्यानं आत गज सारला. आधी कुंकू आलं. मग हळद, मग तांदूळ आणि त्यामागून काळा पडलेला गूळ, मुंग्यांसकट.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"निवद," आबा म्हणाले. "खंडेनवमीला आमच्यात हत्याराच्या तोंडातच निवद देतेत."

दुरुस्तीवाल्यानं नळी उजेडाकडे धरून आत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "आबा, नळी आतून सगळी गंजून गेली. बारक्यातलं बारकं काडतूस घातलं तरी फुटंल, अन् डुकराच्या आधी तुमालाच लागंल. हिला आता कोणचंच चालत न्हाई."

परतीच्या वाटेवर आबा बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचं तोंड बघून मला भडभडून आलं. वाद मिटला होता आणि उरलेला भुईमूगही जाणार होता.

आता रोज संध्याकाळी मी तेलाचा रिकामा डबा बडवत रानात फिरतो. डुकरं मला सरावलीत. जरा बाजूला सरकतात आणि खात राहतात. परवा शेजाऱ्यानं बांधावरून आबांना विचारलं, "घरात बंदूक असताना पोराला काहून पाठवायलाव?"

"ती पूजेची हाय बाबा," आबा म्हणाले. "डुकरामागं धाडायला हा हाय की."