कारंज्यापलीकडच्या ईनबाई

आमच्या ईनबाई स्वतःहून कधी कुठे आल्या नाहीत. त्यांना आणावं लागायचं. दारात गाडी उभी राहायची, ड्रायव्हर उतरून पाय मोकळे करायचा, व्याही पिशव्या काढायचे, आणि ईनबाई काचेमागे पदर सावरून सरळ समोर बघत बसलेल्या. मग मी हातातलं काम टाकायचं, पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यावर जायचं, गाडीचं दार उघडायचं आणि म्हणायचं, "या ईनबाई." तेव्हा कुठे त्यांचा पाय खाली पडायचा. विहीणबाई वगैरे पुस्तकात. आमच्याकडे ईनबाईच. लातूरच्या होत्या, माझ्या मेघाच्या सासूबाई. मला ही बाई पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि आता ती गेली म्हणून गोड गोड लिहायला मी काही बसलेली नाही.

लग्न नांदेडला होतं, ऐन मे महिन्यात. वऱ्हाड आलं, सगळे उतरले, बँडवाले घाम पुसत वाजवायला लागले आणि वरमाई जीपमध्येच. माझा भाऊ गेला, भावजय गेली, पण त्या हलल्या नाहीत. आत निरोप आला, "पोरीच्या मायला पाठवा." मी तेव्हा मेघाच्या मुंडावळ्या बांधत होते. मेघाचे वडील ती दहावीत असताना गेलेले, त्यामुळे मुलीची आई मीच आणि बापही मीच, एका जीवानं कुठंकुठं पुरायचं? तशीच धावत गेले. उन्हात अर्धा तास बसून बाई निथळत होती, पण मान ताठ. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आलात का? मला वाटलं, नांदेडात पद्धत न्हाई का काय." जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं नोकरी केलेली मी, शिक्षणाधिकाऱ्यांनाही तोंडावर ऐकवलेलं आहे. पण त्या दिवशी मुलीची आई होते, म्हणून गिळलं.

जेवणाचंही तसंच. तीनदा "नको" म्हणायच्या आणि चौथ्या आग्रहाला ताटावर बसायच्या. एकदा मला कंटाळा आला, मी दोनदाच विचारलं आणि ताट झाकून ठेवलं. बाई उपाशी लातूरला गेल्या. वाटेत अहमदपूरला वडापावसुद्धा खाल्ला नाही म्हणे. घरी पोचल्यावर पहिला फोन मेघाला, "तुझ्या मायनं येकदा नीट इचारलं असतं तर दोन घास खाल्ले असते." मेघानं मला झापलं. तेव्हा ती सासूला फार मानायची, हे इथंच सांगून ठेवते.

आणि लातूरचा गर्व! "आमच्या लातूरला पोरं कुठून कुठून शिकायला येत्यात. तुमच्या नांदेडातून सुदिक." हे एका शिक्षिकेला, तिच्याच घरात बसून, तिचाच चहा पिता पिता सांगायचं. मी म्हटलं, "हो, येतात की. पाणी मात्र सोबत न्यावं लागतं." त्यावर त्यांनी चहा अर्धा ठेवला. स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, इंग्रजीचं अक्षर ओळखता येत नव्हतं, पण बोलताना असं बोलायच्या की लातूरची सगळी कॉलेजं यांनीच काढली.

मेघा आणि अमोल कॅनडाला गेले, आणि काही वर्षांनी मेघाला दिवस राहिले. सातव्या महिन्यापासून तिचं बीपी वाढायला लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख ठरवली. पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा जायचा हक्क माझा. मेघाही रोज म्हणायची, "आई, तू आत माझ्यासोबत थांबशील ना? मला भीती वाटते गं." मी व्हिसाचे कागद केले, डिंकाचे लाडू केले. तर लातूरहून फोन. "नातू आमचा हाय. मी बी येणार." अमोलनं दोघींची तिकिटं काढली. मी हैदराबादहून, त्या मुंबईहून, आणि मध्ये आखातातल्या एका भल्यामोठ्या विमानतळावर दोघींनी भेटायचं. तिथून पुढचं चौदा तासांचं विमान एकच. ऑपरेशन आम्ही पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. अमोलनं मला चारदा बजावलं, "आई, माझ्या आईला वाचता येत नाही. मधोमध एक मोठं कारंजं आहे, तिथे ती बसेल. तुम्ही तिला घेऊन गेटवर जा."

तुम्ही तिला घेऊन. म्हणजे तिथेही आणायला मीच!

सकाळी मी तिथं उतरले. अबब, काय तो विमानतळ! आमचं नांदेडचं रेल्वे स्टेशन, बसस्टँड आणि मोंढ्याचा बाजार एकत्र केला तरी एका कोपऱ्यात मावेल. आत चालणाऱ्या पट्ट्या, आत रेल्वे, काचेच्या दुकानांत नुसती अत्तरं. माझ्या फोनला रेंज नाही. फुकटचं वायफाय म्हणे घ्या, पण ते घ्यायला ओटीपी लागतो आणि ओटीपी यायला रेंज लागते. तोपर्यंत तपासणीत दोनदा बांगड्या उतरवून झालेल्या, चपला काढून झालेल्या. माझं डोकं फिरलेलं होतं.

कारंज्यापाशी आले तर समोर ईनबाई. हिरवी इरकल, वर मुलाचं जाकीट, डोक्याला मफलर, मांडीवर पिशवी. कारंज्याच्या त्या बाजूला, मोजून चाळीस पावलांवर. त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. आणि बाईनं पदर सावरला आणि सरळ समोर बघायला लागली!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, इथं कुठली वरमाई? इथं तुमच्यासुद्धा बांगड्या उतरवल्या असतील. आज मी नाही उठणार. गरज असेल तर या. आणि मी अलीकडच्या खुर्चीवर बसले.

एक तास गेला. दोन गेले. मी लाडूचा डबा काढला, एक खाल्ला. पलीकडे त्यांनीही डबा काढला. त्यांचेही डिंकाचेच. मधून एकमेकींकडे चोरून बघायचो आणि नजर भिडली की कारंजं बघायचो. येणारेजाणारे कारंज्याचे फोटो काढत होते, त्यांच्या फोटोत दोन्ही बाजूंना आम्ही दोघी आलो असणार.

माझ्या डोक्यावर मोठा बोर्ड होता. त्यावर आमच्या विमानापुढे गेटचा नंबर लागला. मी वाचला. मग "बोर्डिंग" आलं, तेही वाचलं. मला वाटलं, अजून वेळ आहे, नावं पुकारतील, आपल्याकडे बस लागली की कंट्रोलर माईकवर ओरडतो तसं. तिथं कुणी ओरडत नाही, हे मला काय माहीत? पण खरं सांगायचं तर तेही कारण नव्हतं. मला वाचता येत होतं आणि त्यांना येत नव्हतं. मला हवं होतं की त्यांनी उठून माझ्यापाशी यावं आणि विचारावं, "ईनबाई, आपलं विमान कधी?" एवढं एक वाक्य मला ऐकायचं होतं. त्यासाठी मी बोर्डाकडे बघत बसले, अक्षरं लाल होऊन "फायनल कॉल" येईपर्यंत बसले.

आणि त्या उठल्या. खरंच उठल्या. गुडघ्याला हात लावून, पिशवी खांद्याला अडकवून, कारंज्याला वळसा घालून माझ्याकडे यायला लागल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी मुद्दाम पर्स उघडून आत शोधायला लागले. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. मी वर बघितलं नाही. त्यांना तसंच उभं ठेवलं आणि म्हटलं, "बसा. आलात एकदाच्या."

"आमोलचा फोन आलता," त्या म्हणाल्या. त्यांच्या फोनला रेंज होती, अमोलनं तिकडूनच करून दिलेली. "मेघाला बीपीचे झटके आले. आत नेलंय. आजच काढणार हायेत लेकरू. तिथं पहाट हाय अजून."

मला पुढचं धड आठवत नाही. त्यांच्या दंडाला धरून मी पळाले एवढं आठवतं. गेट लांब होतं, आतल्या रेल्वेनं जावं लागलं, तिथं उतरून पुन्हा पट्ट्या. ईनबाईंचा गुडघा साथ देईना, तरी "चला, चला" म्हणत पाय ओढत होत्या. पोचलो तेव्हा दार बंद. काचेतून विमान दिसत होतं, तिथंच उभं. टायवाला पोरगा मान हलवून "सॉरी" म्हणाला. ईनबाईंनी त्याला लातुरीत असं सुनावलं की मागच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "आरं लेकरा, सून मरायलीय तिकडं! इमान हितंच हाय की, उघड की दार!" त्याला शब्द कळला नाही, पण तो दोन पावलं मागं सरला. दार उघडलं नाही.

पुढचं विमान दुसऱ्या दिवशी. आम्ही दोघी तिथंच जमिनीवर बसलो. चार तासांनी फोन आला, मुलगी झाली, बाळ ठीक, पण मेघाला फार रक्त गेलं, शुद्धीवर नाही. शुद्धीवर आल्याचा निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तोवर मी काय काय बोलले देवाला, ते माझं मला ठाऊक. ईनबाई शेजारीच होत्या. एकदाच बोलल्या. "तुमी बोर्ड वाचत हुतात. मी बगत हुते."

 

दोन दिवसांनी दवाखान्यात पोचलो. मेघाचा चेहरा पांढराफटक, ओठ फाटलेले. तिला आत नेताना ती सारखी माझं नाव घेत होती, अमोलला बाहेर ठेवलं होतं, असं नर्सनं सांगितलं. मेघानं आमच्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "विमान कसं काय चुकलं गं, आई? वेळेत निघाला असतात तर मी जागी झाले तेव्हा तू इथं असतीस."

मी तोंड उघडायच्या आत ईनबाई म्हणाल्या, "माझ्यापायी. मला बाथरूमला लई येळ लागला. मग वाट चुकले. तुझी माय कवाधरनं मला हुडकत हुती बिचारी."

मेघा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. सासूला फार मानणारी माझी मुलगी त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागली. आम्ही तिथं तीन महिने होतो. ईनबाई भाकऱ्या करायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या, आणि मेघा त्यांच्या हातातून बाळ घेताना वर बघायची नाही. मी हे रोज बघत होते.

एक दिवस स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "कशाला खोटं बोललात? मला तुमचे उपकार नकोत."

त्या पीठ मळत होत्या. मळतच म्हणाल्या, "उपकार कशाचे? सासूवर राग धरला तर चालतंय, जगात समद्याच धरत्यात. मायवर धरला तर पोरीनं जायचं कुठं?" आणि लगेच पुढं, "आन तुमी तव्यापसून सरका, तुमाला भाकर फिरवता येत न्हाई."

असली बाई! एवढं मोठं करायचं आणि वरून माझ्या भाकरीलाही नावं ठेवायची. मी तवा सोडला नाही. आम्ही तिथंही भांडलो, परतीच्या विमानात भांडलो, हैदराबादला उतरल्यावर बॅगेवरून भांडलो. लातूरच्या गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी रोज ठरवायचे, आज मेघाला फोन करून खरं सांगते. मग म्हणायचे, बाळ लहान आहे, मेघा अजून अशक्त आहे, दिवाळीत सांगू. नातीला दात आले, नात चालायला लागली, नात शाळेत गेली. मी सांगितलं नाही.

ईनबाई मागच्या थंडीत गेल्या. सकाळी अंगणात पाणी भरता भरता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. अमोल आला, मेघाला रजा मिळाली नाही. मी लातूरला जाऊन दहाव्याचं सगळं करून आले. त्यांच्या कपाटात नातीचे फोटो होते, एकात मेघा होती, दवाखान्याच्या पलंगावरची, तोंड फिरवलेली.

नांदेडला परत आले त्याच संध्याकाळी मेघाचा फोन आला. बराच वेळ नुसती रडत होती. मग म्हणाली, "आई, त्या असत्या तर बोलले असते गं एकदा नीट. पण मला कधी जमलंच नाही. त्यांच्या त्या बाथरूमपायी तू माझ्याजवळ नव्हतीस, ते माझ्या मनातून गेलंच नाही. मी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही."

फोन माझ्या कानाला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. सांगायला यापेक्षा चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती, आणि मला ते कळत होतं.

मी विचारलं, "जेवलीस का?"