निऱ्यांना पिन लावायची नाही

निवृत्तीनंतर नारायण पेठेतल्या एका क्लासमध्ये मी मुलींना साडी नेसायला शिकवू लागले. क्लास हवाईसुंदऱ्या घडवतो, इमारतीला लिफ्ट मात्र नाही. आठवड्यातून एकदा वारज्याहून स्कूटरने जायचं, जिने चढायचे आणि धाप लागलेली न दाखवता हसायचं. हसायचं मला जमतं. तेवढ्यावर तर विमानातली नोकरी केली.

गेल्या वर्षी क्लासचे तरुण संचालक म्हणाले, की आता बऱ्याच कंपन्या मुलींना पॅन्ट आणि पांढरे बूट देतात, तेव्हा साडीचा तास बंद करावा म्हणतोय. अगदी नम्रपणे म्हणाले, 'आपण' 'आपल्याला' करत. मला भयंकर राग आला. घरी माझ्याकडे कुणी वळूनही बघत नाही, तिथे वर्गभर मुली टक लावून बघायच्या. तो तास गेला तर मी वारज्यातली एक जाडसर बाई, एवढीच उरणार होते.

म्हणून मी एक शक्कल लढवली. स्नेहसंमेलनात गणवेशांची मिरवणूक काढू, असं सुचवलं. आधी माझ्या सीनियर बायकांच्या काळातला घट्ट स्कर्ट आणि तिरकी टोपी, मग आमची साडी, मग कोट आणि गळ्यातला रुमाल, शेवटी आताची पॅन्ट. बाकीचं सगळं मुली घालणार, साडी मात्र मी स्वतः नेसणार, माझीच, डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवलेली. मला त्या साडीत पाहिलं की तास बंद करायची कुणाची छाती होणार नाही, अशी माझी खात्री होती.

साडी बसली. साडी काय, कुणालाही बसते. ब्लाऊज बसेना. नवरा पाठीमागे हुकांशी झटापट करत होता. शेवटी म्हणाला, "हा नक्की तुझाच आहे ना?" मी उत्तर दिलं नाही, कारण श्वास आत ओढलेला होता. हूक काही लागले नाहीत. मग पाठीला पिना लावल्या, त्या झाकणारा पदर सरकू नये म्हणून पदराला लावल्या, आणि पोट दिसू नये म्हणून निऱ्याही पिनांनी ठोकून बसवल्या. आरशात मी छान दिसत होते. फक्त बसता येत नव्हतं.

स्टेजवर मी नमस्कार केला, टाळ्या झाल्या. संचालकही टाळ्या वाजवत होते. तास वाचला, असं मला वाटलं. तेवढ्यात समोरून एका मुलीने हात वर केला. ही खडकीहून यायची. वडील दारूगोळा कारखान्यात, त्यामुळे घरात जेवतानासुद्धा सुरक्षिततेच्या गोष्टी होत असाव्यात.

"मॅडम, विमानात आग लागली तर ह्यात पळायचं कसं?"

मला आनंदच झाला. हे तर आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं. निऱ्या एका झटक्यात वर उचलून कमरेला खोचायच्या आणि धावत सुटायचं. म्हणूनच निऱ्यांना पिन लावायची नाही, हा पहिला नियम. मुलींना मी पहिल्या तासाला तोच शिकवायचे. आता करूनच दाखवते, असं म्हणून मी निऱ्या धरल्या आणि उचलल्या. त्या हलल्या नाहीत. पुन्हा जोर लावला, तेव्हा पाठीमागे ब्लाऊज टरकन फाटला. तो आवाज माइकवरून सगळ्या हॉलने ऐकला. लोक हसले. मीही हसले, सवयीने.

मुलींनी मला मागच्या खोलीत नेलं आणि एकेक पिन काढली. अंगावर घालायला दुसरं काहीच नव्हतं. मग खडकीच्या मुलीने स्वतःच्या गणवेशाची जादा पॅन्ट आणि कोट पुढे केला. मी म्हटलं, अगं, मला कुठली होतेय? पण कमरेला इलॅस्टिक होतं. पॅन्ट सरळ वर चढली. मी नेहमीसारखं पोट आत घेतलं आणि थांबून राहिले. मग कळलं, की आत घ्यायचं काही कारणच नाही.

मी पोट सोडलं. सगळी नोकरी वजनकाट्याच्या धाकात गेली होती. गणवेशात असा पोटभर श्वास मी पहिल्यांदाच घेत होते. मला एकदम रडू कोसळलं.

मुली समजूत घालू लागल्या. त्यांना वाटलं, साडीचा तास आता बंद होणार म्हणून मॅडम रडतायत.