दुखणं अंगावर न काढता: वणी ते यवतमाळ, एका खुब्यासाठी

लोक वाघ बघायला जातात, देव बघायला जातात. मी यवतमाळला माझा डावा खुबा दाखवायला गेले आणि त्यावर चक्क प्रवासवर्णन लिहिते आहे. हसा खुशाल. पण महिनाभर डाव्या कुशीवर वळलं की जाग येणं आणि जिना चढताना बाहेरच्या हाडावर कळ येणं ज्यांना माहीत आहे, ते हसणार नाहीत.

श्रावणात पचमढीच्या नागद्वारला जायचं आमच्या गल्लीतल्या बायकांनी ठरवलं आहे. डोंगर, दगड, लोखंडी शिड्या, दिवसभर चाल. आणि माझ्या डोळ्यांपुढे आई येत होती. मी शाळेत असताना तिचा खुबा असाच धरला होता. तिनं अंगावर काढलं. पुढे कुठल्याही डोंगरावर, कुठल्याही उंच देवळाला गेलो की आई खाली आमच्या चपला राखत बसायची. मला खाली बसायचं नव्हतं. खरी भीती तीच होती.

आमच्याकडे काही दुखलं की आधी चोळणं, मग डॉक्टर. जितकं कळवळाल तितका गुण, असा पक्का समज. माझी शेजारीण शमीम, जिचं शिवणकामाचं दुकान आहे, तिनं तर गरम तेल लावून माझा खुबा लाटण्यानं लाटला होता. पोळीसुद्धा ओरडली असती! चार दिवसांनी मला मोजे घालताही येईनात, तेव्हा तीच म्हणाली, "आता बस झालं. माझी गाडी काढतो, यवतमाळले जाऊ."

सकाळी निघालो. वणीतून बाहेर पडेपर्यंत कोळशाचे ट्रक आणि काच वर करूनही नाकात जाणारी धूळ. सरळ रस्ता जोडमोहावरून आहे, तो जवळचा. आम्ही मारेगाव, करंजी, वडकी, राळेगाव करत कळंबवरून गेलो, कारण शमीमला राळेगावचे आलुबोंडे खायचे होते आणि मला तिथल्या चिंतामणी गणपतीला भेटायचं होतं. मार्च असल्यानं शेतात कापूस वेचून उरलेली नुसती पऱ्हाटी उभी आणि बांधांवर पळस फुललेला. रस्ता बहुतेक चांगला. राळेगावच्या अलीकडे खड्ड्यांनी माझ्या खुब्याची विचारपूस केली तेवढीच. लांब बसायचं असेल तर मध्ये उतरून चार पावलं चाला, एवढं माझ्या अनुभवावरून सांगते. बोंडे गरम होते, सोबत तळलेली मिरची. दोघींचं पोट भरलं आणि पर्स हलकी झाली नाही.

कळंबचा गणपती जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. शमीम कुंडाजवळच्या सावलीत थांबली. मी कठडा धरून एकेक पायरी उतरले. मागून येणारी एक बाई म्हणाली, "हळू जा वं माय, देव कोठी पळून नाही राह्यला." सगळे हसले, मीही हसले, पण वर येताना डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती मी अजून.

यवतमाळला फिजिओथेरपिस्ट तिशीतली मुलगी निघाली. तिनं मला एका पायावर उभं केलं, कुशीवर झोपवून पाय उचलायला लावला, मग त्या हाडावर बोट ठेवलं. मी किंचाळले.

"इथं स्नायू हाडाला बांधणारी दोरी असते, काकू. ती कुरकुरून राह्यली. सांधा चांगला वाटते. कोणी चोळलं काय?"

शमीम भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र अगदी मन लावून बघू लागली.

"लाटण्यानं," मी म्हणाले.

मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार. "दबलेल्या दोरीले आणखी कायले दाबता? चोळणं बंद. पाय ओढून ताणणं बंद. आणि उभ्या कशा राहता?"

"ही?" शमीमला सूड उगवायची संधी मिळाली. "बस स्टँडवर पाहा हिले. सगळा भार एका खुब्यावर, जशी कडेवर लेकरू घेऊन उभी हाये!"

खरंच होतं ते. लेकरं मोठी होऊन नोकरीला लागली, माझा खुबा अजून त्यांना घेऊन उभा होता.

मग शिकवणी झाली. दोन्ही पायांवर भार द्यायचा, पायावर पाय टाकून बसायचं नाही, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. अंथरूण धरायचं नाही. बेताचा व्यायाम रोज, हळूहळू वाढवत. थोडं दुखलं तर चालेल, पण सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. "तुम्ही लवकर आल्या, हे बरं केलं," ती म्हणाली. "लोकं वर्षानुवर्षं अंगावर काढून येतात, मग वेळ लागते."

"नागद्वार?"

"आज हो म्हणणार नाही. पण आशा सोडू नका."

मला इतका आनंद झाला की येताना मी शमीमला झुणका-भाकर खाऊ घातली आणि लाटण्याची माफीही देऊन टाकली.

घरी आल्यावर, आता माझ्याकडेच राहणाऱ्या आईला व्यायाम करून दाखवला. ती खाटेवर बसून बघत होती. मग म्हणाली, "मले वाटे, बाईच्या जातीचा खुबा दुखतेच. याले इलाज असते हे कोनी सांगतलंच नाही." मला फार वाईट वाटलं. आम्ही कोणीच तिला कधी नीट विचारलं नव्हतं, आणि ती बोलली नाही म्हणून तिला दुखत नाही असं धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी आईबद्दल विचारायला त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, घेऊन या, मी पाह्यते. पण इतकं जुनं दुखणं, नव्यासारखं होईल असं सांगत नाही. मी आईला ते जसंच्या तसं सांगितलं, उगाच आशा लावायला नको म्हणून.

आईनं लगेच कपाटातून चांगलं लुगडं काढलं. "पाह्यते म्हनली ना?" ती म्हणाली. "मले आजवर कोनी तेवढंबी म्हनलं नोतं."