पालथा ठेवलेला हिरा

माझ्या मावशीला अख्खं वर्कशॉप भिंगमावशी म्हणतं, आणि ते काही लाडानं नाही. दागिन्यांसाठी आलेला प्रत्येक हिरा तिच्या टेबलावरून पुढे जातो आणि निम्मे तिथूनच परत फिरतात. तिच्यासमोर बसलं की व्यापाऱ्यांना घाम फुटतो. लग्नाच्या वयात सांगून आलेल्या स्थळांनाही तिनं असंच न्याहाळलं, तेव्हा आजीनं हात टेकले. पुढे माझी आई गेली, मी मावशीच्या पदरात पडले आणि तो विषय संपला. निदान मी तरी तसंच समजून चालले होते. मोठी शहाणी ना मी!

मी तिथेच काउंटरला बसते. मावशीनं पसंत केलेले दगड पाकिटात घालून आत जडाईच्या, म्हणजे ते दागिन्यात बसवायच्या, बाकावर पोचवते. आमच्यात हिऱ्याला दगडच म्हणतात. त्या बाकावर बसतात जडाईवाले काका. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी दूरच्या शहरात. बोलणं इतकं कमी की एखाद्या दिवशी चार वाक्यं सलग बोलले तर यांना ताप तर नाही ना, अशी शंका यावी.

तर हे काका एका दुपारी मावशीच्या टेबलाशी आले आणि त्यांनी तिच्यापुढे एक पुडी ठेवली. "हा तुमच्यासाठी. पसंत पडला तर आपलं दोघांचं ठरलं, असं मी समजेन," एवढं बोलून ते आत निघूनही गेले. मावशी कानापर्यंत लाल. मी आपली काउंटरवर मान खाली घालून काहीतरी लिहीत बसले, पण हसू काही आवरेना.

पुडीत प्रिन्सेस कटचा हिरा होता. वरून चौकोनी, खाली निमुळता, चारी कोपरे टोकदार. मावशीनं मला जवळ बोलावून दाखवला. चारी बाजू सारख्या. मध्ये कुठे उजेड मेलेला नाही; जरा हलवला की काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची नुसती पळापळ. वजन पोटात लपवलेलं नाही. कोपरे शाबूत, आणि या कटात आधी कोपराच उडतो. "पैलू नीट पाडलेत," ती म्हणाली. मावशीच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच. तिनं तो पांढऱ्या कागदावर पालथा ठेवला आणि उगाचच हात धुवायला गेली. पन्नाशी उलटलेली बाई लाजत होती, आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

संध्याकाळी काका आले, कागदाकडे पाहिलं, हिरा उचलला आणि गेले. अंगठीत बसवायला नेला, असं आम्ही धरून चाललो. पण काही दिवसांनी त्यांनी दुसराच आणून ठेवला. हा वजनाला मोठा, पण सगळं वजन पोटात. वरून दिसायला पहिल्याएवढाच. मावशी गोंधळली. तरी तिनं तोही पालथा ठेवला. तोही गेला आणि तिसरा आला. त्याच्या मधोमध इतकं रिकामं की खालच्या कागदावरची अक्षरं वाचावीत. असला दगड घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला तिनं दारातूनच वाटेला लावलं असतं. मी तसं म्हटलं तर माझ्यावरच खेकसली, "मला काय दगडाशी संसार करायचाय?" तोही पालथा. तोही गेला. मग काही आलंच नाही.

घरी मावशीचं जेवणावरचं लक्ष उडालं. ठेवलेली वस्तू माणूस दर वेळी परत नेतो, म्हणजे त्याचं मन फिरलंय, ते समजून घ्यावं, असं ती मलाच समजावत होती. मला काकांचा असा संताप आला! दुसऱ्या दिवशी पाकिटं घेऊन आत गेले तर ते हत्यारं पुसून डब्यात भरत होते. मुलीकडे निघालेत म्हणे, कायमचे. मावशीशी बोललात का, असं मी चांगलं खडसावून विचारलं.

"तीनदा नाही म्हणाल्या," ते म्हणाले. "पहिल्याच्या तोडीचा पुढे मला मिळालाच नाही. आता पुन्हा विचारणं बरं दिसत नाही."

"नाही कुठे म्हणाली? तिन्ही पसंत केले तिनं."

"पालथे ठेवले होते की."

मी तिथेच स्टुलावर बसले. जडाईच्या बाकावर चांगला दगड तोंड वर करून मेणात रोवतात. पालथा पडलेला परत पाठवायचा असतो. मावशीकडे नापसंत दगड पुडीत जातो आणि पसंतीचा कागदावर पालथा राहतो, म्हणजे रंगही कळतो आणि तो डुगडुगतही नाही. मधली ने-आण सगळी माझी, त्यामुळे एकाची रीत दुसऱ्यानं कधी पाहिलीच नव्हती.

मी धावत जाऊन मावशीला सांगितलं. ती ऐकून घेऊन उठली आणि सगळ्यांच्या देखत तडक काकांच्या बाकाशी गेली. पहिला दगड कुठाय, तिनं विचारलं. तो त्यांनी व्यापाऱ्याला परत दिलाच नव्हता. शर्टाच्या खिशातून पुडी निघाली. मावशीनं तो दोन बोटांच्या फटीत तोंड वर करून धरला आणि हात त्यांच्यापुढे केला.

"हा. आता बोटाचं माप घ्या."

काकांनी माप घेतलं नाही. डब्याच्या तळातून रुमालाची गुंडाळी काढून उलगडली. आत अंगठी होती, चौकोनी हिऱ्याचे नाजूक कोपरे झाकायला चार नख्या केलेली, मधली जागा मोकळी. मावशीच्या बोटात ती बरोबर बसली. मावशी बघतच राहिली, मग एकदम चिडली.

"आणि मी खरंच नाही म्हटलं असतं तर?"

"तर अशीच घेऊन गेलो असतो," काका म्हणाले.