तेरा बाय एकोणीस इंचांचा फोटो

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील ती गावोगाव वाटायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. गुलाबी, पिवळा, पातळ कागद, आणि त्यावर शाईनं फासलेले मोर्चाचे फोटो. त्या फोटोंत माणसांच्या जागी काळे ठिपके असत. कोण आलं ते सोड, किती आले ते बघ, असं वडील सांगायचे. फोटोतलं माणूस ओळखू येतं, याचा विचार आमच्या घरात कुणाला कधी करावाच लागला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात भीमेकाठची आमच्या वस्तीची स्मशानाची जागा नदीत ढासळू लागली. वाळू उपसणारी बोट काठाला लागूनच चालायची. खालून पोखरलं की वरची माती पाण्यात. ग्रामसभेत आम्ही दोनदा बोललो. काठ पावसानं पडतो, असं उत्तर मिळालं. मग मी बाभळीआडून फोटो काढला: तुटलेला काठ, कडेला अर्धी ढासळलेली चितेची राख, खाली बोट. तो मोठा करून सभेच्या भिंतीवर लावायचा होता. मोबाइलवरचा फोटो लोक बोटानं पुढं ढकलतात, भिंतीवरचा ढकलता येत नाही.

शिरूरच्या एका स्टुडिओवाल्यानं फोटो उघडला, माझ्याकडं पाहिलं आणि मशीन बंद आहे, फाइल ठेवून जा म्हणाला. मी ठेवली नाही. तरी मी घरी पोचायच्या आत वडिलांना फोन आला होता. पोरीला फोटोचा नाद कधीपासून लागला, एवढंच फोन करणाऱ्यानं, नाव न सांगता, विचारलं होतं. वडील हसत हसत हे सांगत होते, पण सांगता सांगता त्यांनी दाराला कडी घातली. दुपारचे तीन वाजले होते.

आता प्रिंटर घरीच आणायचा, हे त्याच दुपारी ठरलं. कुठला, यावर आठवडाभर वाद झाला. शिरूरच्या दुकानात मोठ्या कागदाचा, शाईच्या चार टाक्यांचा नवा प्रिंटर होता. त्याच्या नमुन्यात आभाळात पट्टे दिसत होते, सावल्या सपाट काळ्या. वडिलांना तोच हवा होता, पत्रकंही छापता येतील म्हणून. मी ऐकलं नाही. धूसर फोटोला कुणीही पावसाचा फोटो म्हणेल, मला दगड न् दगड दिसायला हवा, असं मी ओरडून सांगितलं. दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आपला जुना फोटो प्रिंटर विकत होते. आठ रंग, त्यात काळ्या-करड्या छटांच्याच तीन शाया, आणि शाई अशी की पाणी उडालं तरी पसरत नाही.

मी स्कूटीवरून दौंडला गेले. नदीचा पूल ओलांडल्यापासून चौफुल्यापर्यंत एक पांढरी जीप मागं होती. ती वळून गेली तेव्हा कळलं, मी किती वेळ हँडल आवळून धरलं होतं.

काकांच्या भिंतीवर इंजिनांचे फोटो होते, चाकावरचं वंगण चमकताना दिसावं इतके स्वच्छ. आठवड्याला एक तरी रंगीत पान काढत जा, नाहीतर शाई आतल्या आत वाळते, असं त्यांनी बजावलं. मग माझा फोटो तेरा बाय एकोणीसच्या कागदावर लावला. कागद इंच इंच बाहेर येऊ लागला. आभाळ. काठ. उघडी पडलेली मुळं, राखेतला लाकडाचा तुकडासुद्धा. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मग बोट आली. बोटीवर तिघं. दोघं वाकलेले. तिसरा पाइप धरून उभा, मान वर, नजर सरळ कॅमेऱ्यात.

तो माझा मामा होता. रांजणगावला कंपनीत आहे, असंच आम्हाला माहीत होतं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे तर तुमच्याकडंच बघतायत."

प्रिंटर बांधून घेतला आणि फोटोची गुंडाळी घेऊन दुसऱ्या दिवशी केंदूरला मामाकडं गेले. त्यानं कागद मांडीवर पसरला, बराच वेळ पाहिला.

"लई झ्याक आलाय," तो म्हणाला. कंपनीनं त्याला चार महिन्यांपूर्वीच घरी बसवलं होतं. आम्हाला का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाला, "कुणाला सांगू, तुझ्या बापाला? त्यानं त्याचं पत्रक काढलं आस्तं."

मी हसले नाही. 

"तुला बघितलं व्हतं मी. तिकडं कोण हाय म्हून बोटीवाल्यानं इचारलं, तवा म्हणलं, शेरडं हायती. आन् आता हितं मी तोंड वर करून तुझ्याकडंच बघतोय. भित्तीवर लावलास तर त्याला काय कळंल, ते तूच सांग."

तुमचं तोंड काढून टाकते, मी म्हणाले.

"आन् ही दोघं? परमुलखातली हायती. त्यांचं कोण काढनार?"

अर्धं सत्य छापणाऱ्याला भित्रा म्हणणारी मी, घरी येऊन फाइलमध्येच पाण्याच्या रेषेवर फोटो कापला आणि तेवढाच पुन्हा छापला. तिघं गेले, बोटही गेली. काठ आणि राख तेवढी राहिली. खाली पांढरी पट्टी उरली, ती पत्रकाच्या सवयीनं मी तशीच ठेवली आणि तिच्यावर जाड अक्षरांत वाळूउपसा बंद करायची मागणी लिहिली.

सभेत लोक खरंच उठून जवळ आले. बायकांनी राखेला हात जोडले. ठराव लिहायला घेतला. तेवढ्यात पुढच्या खुर्चीतले, साऱ्या गावाचे आप्पा उठले. बोट कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं, आणि आप्पा त्याचेच चुलते हेही. त्यांनी फोटो नीट पाहिला, मग पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"कागद येवढा मोठा, आन् फोटू खाली आखूड कसा गं? खाली काय व्हतं?"

"पाणी."

"नुसतं पाणीच?" ते शांतपणे म्हणाले आणि जाऊन बसले.

ठराव झाला. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी बाहेर येऊन मामाला फोन लावला. त्यानं उचलला. मागं बोटीच्या यंत्राची घरघर होती. आप्पांनी काय विचारलं ते मी सांगितलं, आजच्या आज काम सोडा, असंही मी म्हणाले. 

"बरं," तो म्हणाला. फोन त्यानं कापला नाही, मीही नाही. घरघर चालूच होती.