वासरू कापल्याचं गाणं

धाकट्याचं आणि माझं इंग्रजी एकाच रेडिओवर झालं. कसबा बावड्यात आमच्या गोठ्यात तो खुंटीला टांगलेला असे. दुपारी म्हशींना वैरण टाकून झाली की आम्ही दोघं भाऊ त्याच्याखाली वही घेऊन बसायचो. परदेशी रॉक गाणी लागायची. ऐकून शब्द उतरवायचं काम धाकट्याचं, कारण कान त्याचे. अर्थ लावायचं काम माझं, कारण मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं. पहाटे म्हशी गावातल्या कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची आणि मग शेणाच्या वासासकट कॉलेजात कविता शिकायला बसायचं, अशी माझी तऱ्हा होती.

त्या गाण्यांत कोकराचं रक्त, सात शिक्के, दगडाची उशी असलं काहीबाही यायचं. शब्दकोशात कोकरू सापडे, पण ते गिटारच्या गोंगाटात काय करतंय ते सापडत नसे. म्हणून आम्ही मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे वही घेऊन जाऊ लागलो. त्यांनी असलं गाणं जन्मात ऐकलं नव्हतं. तरी ओळी वाचून त्या म्हणाल्या, "गाणं कसलं का असेना, माणसं आमच्या घरचीच आहेत यात." मग मराठी बायबल उघडून त्या एकेक गोष्ट सांगत. नुसते शब्द वाचू नका, मागची गोष्ट वाचा, हे त्यांचं पालुपद होतं.

एकदा उधळ्या मुलाचं गाणं आलं. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, त्यांच्या पुढ्यातल्या शेंगासुद्धा खाव्याशा वाटतात. शेवटी गडी म्हणून तरी ठेवा म्हणायला घरी येतो, तर बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, बोटात अंगठी घालतो आणि पोसलेलं वासरू कापून जेवण घालतो. शेतात राबून आलेला थोरला मात्र रागानं बाहेरच उभा राहतो. मी म्हणालो, "थोरल्यानं काय घोडं मारलं होतं?" बाई हसल्या. "तुलाच लागलं बघ ते," म्हणाल्या. धाकटाही हसला, आणि मला दोघांचाही राग आला.

पुढं धाकटा मुंबईला गेला. हॉटेलात गिटार वाजवायची म्हणून कॉलेज सोडलं. आमचे वडील, आबा, म्हणाले, "वाजंत्री व्हायचंय तर हो, पर पुन्यांदा ह्या दारात याचं न्हाय." चार वर्षं एक ओळ आली नाही. आबा त्याचं नावही काढत नसत. पण पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की त्यांचा हात कामात थांबायचा. मी ते रोज बघत होतो. चार वर्षं धार मी काढली, शेण मी ओढलं, आणि आबांचा हात थांबायचा तो त्याच्यासाठी.

मग एके दिवशी पाकीट आलं. आत एकच कागद, धाकट्याच्या अक्षरातलं इंग्रजी गाणं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. त्यानं स्वतःच रचलं असावं. डुकरांच्या पुढ्यातलं खातोय, अंगठी अजून ठेवली असेल का, वासरू कापलं तर मी गड्यांच्या पंगतीत बसेन, असं काहीसं. खाली मुंबईचा पत्ता. एका वाचनात कळलं. आबांना सरळ लिहायची छाती झाली नव्हती, म्हणून त्यानं माझ्या हाती निरोप दिला होता. मी अर्थ लावीन, याची त्याला खात्री होती.

आबा म्हणाले, "काय लिवलंय?"

मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. डुकरांचं खाणं खातोय. वासरू कापून जेवायचं म्हणतोय.

आबांचा चेहरा उतरला. दारातल्या जनावराला घरातल्या लेकरासारखं पोसणारा माणूस तो. त्यांनी विचारलं, "परत याचं म्हणतुय का त्यो?"

"तसं काय लिवलेलं न्हाय," मी म्हणालो.

खरोखरच लिहिलेलं नव्हतं. शोधून सापडलं नसतं. बाईंनी वर्षभर शिकवलेलं सगळं मी त्या एका वाक्यात मातीत घातलं, आणि जाणूनबुजून घातलं. मला तो यायला नको होता.

"मग ऱ्हाऊ दे तिकडंच," म्हणून आबा वैरण टाकायला उठले. त्यानंतर घंटेला त्यांचा हात थांबला नाही. उद्या सांगू, उद्या सांगू, असं म्हणत मी दोन वर्षं काढली आणि आबा गेले.

गावातल्या कुणाकडून तरी कळून धाकटा पंधरा दिवसांनी आला. गोठ्यात माझ्याशेजारी बसून म्हणाला, "दादा, मी एक पाकीट धाडलं हुतं. मिळालं न्हाय न्हवं?"

"न्हाय," मी म्हणालो.

त्यानं डोळे पुसले. "मग पोस्टात गहाळ झालं आसंल. मी आपला समजत हुतो, आबांनी ऐकूनबी बोलावलं न्हाय. मिळालं आसतं तर तू न्ह्यायला आला आसतास की."

मी मान डोलावली. अजून तो गणपतीला येतो, माझ्या पाया पडतो. ‘परत याचं म्हणतुय का त्यो,’ असं आबांनी एकदा विचारलं होतं, हे ऐकण्यासाठी त्यानं काय वाटेल ते दिलं असतं. ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय, आणि अजून सांगितलेलं नाही.