एकतिसावा चौकोन

चौकोन पुरा झाला की आंटी तो टेबलावर ठेवत नसत. स्वतःच्या गुडघ्यावर पसरायच्या, तळहाताने दोनदा थोपटायच्या आणि म्हणायच्या, "पिकला." दर गुरुवारी दुपारी साडेतीन ते पाच, बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही सात जणी क्रोशाचं विणायला बसायचो. सहा जणींचे चौकोन पुरे व्हायचे. एकीचे पिकायचे.

मी त्या सहांमधली.

तुमच्यापैकी कोणी विणत असेल तर तिला ग्रॅनी स्क्वेअर सांगायला नको. इतरांसाठी सांगते. मधोमध लोकरीचं छोटं कडं करायचं, त्याभोवती खांब, म्हणजे उभे टाके, घालत फेऱ्या वाढवायच्या आणि शेवटी चार कोपरे काढायचे. आंटी मधल्या गोलाचं फळ करायच्या. आडवं कापलेलं संत्रं, कलिंगडाची चकती, लाल गराचा पेरू. पहिल्या फेरीत बारा खांब, दुसरीत चोवीस, तिसरीत छत्तीस, एवढं सांभाळलं की गोल सपाट बसतो. मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये सत्तावीस वर्षं माल मोजून घेतला आणि मोजून दिला. माझा एकही चौकोन कधी पावणेसहा इंच झाला नाही की सव्वासहा झाला नाही. सहा म्हणजे सहा.

एकदा मी विचारलं, "आंटी, तुमच्या पहिल्या फेरीत खांब किती?"

"बारा असतील. नायतर तेरा. कोण विचारतंय बाय?"

"मी विचारतेय."

"मग बारा लिही," म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

त्या मोजत नाहीत यावर माझा विश्वास नव्हता. मनातल्या मनात मोजत असणार, आम्हाला दाखवत नसणार. म्हणून ऐन फेरीत मी त्यांना मुद्दाम प्रश्न विचारायचे. पाणी किती वाजता येणार? भाचीचा मुलगा कितवीत? एक किलो बोंबलांत साधारण किती बसतात? त्या सगळ्याची सविस्तर उत्तरं द्यायच्या, मध्ये एखादी गावगप्प सांगायच्या, आणि सुई चालूच. माझाच खांब चुकायचा. तो मी गुपचूप उसवायचे.

त्यांचा पेरू हातोहात फिरायचा. पालेकर वहिनी तर नाकाला लावून बघायच्या. माझा पेरूही फिरायचा, नाही असं नाही. एकदा फिरत फिरत तो कोणाच्या तरी चहाच्या कपाखाली जाऊन थांबला. पाच वाजता घरी जाताना तो उचलून आणला, तेव्हा त्यावर तपकिरी गोल उमटला होता. घरी येऊन मी तो मोजून पाहिला. सगळे टाके बरोबर होते.

आंटी इथल्याच. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांच्या घरच्यांची वाडी होती. ती गेली आणि बदल्यात तळमजल्यावर त्यांना दोन खोल्या मिळाल्या. लग्न केलं नाही. जवळच्या शाळेत मुलींना शिवण शिकवून निवृत्त झाल्या. हॉलच्या खिडकीतून स्कूटरी लावतात ती जागा दिसते. तिकडे सुई रोखून एकदा म्हणाल्या, "तिथं पेरूचं झाड होतं. पोपटाने अर्धा खाल्लेला पेरू गोड. आम्ही तोच खायचो." मी बाजारातून पेरू आणते ते वजनावर, पिशवीतला प्रत्येक उलटा करून बघून. टोचलेला असला तर परत करते.

एवढं सगळं मी सहन केलं असतं. आठवड्याला दीड तासाचा तर प्रश्न. पण माझ्या मुलीला, प्राचीला, सातवा महिना लागला.

डोहाळजेवण सोसायटीच्या हॉलमध्येच ठरलं. ओटीत पाच फळं घालतात, म्हणून बाळाच्या पांघरुणावरही पाच फळं हवीत, असं प्राचीच्या मनात आलं. प्रत्येकाचे सहा चौकोन, एकूण तीस. आडवे पाच, उभे सहा. मी त्याच रात्री लोकरीचा हिशेब केला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"आई, रागावू नकोस हां."

"काय झालं?"

"फळं आंटींना करू दे ना. तू जोड. तुझं जोडकाम एक नंबर असतं."

"आणि माझ्या फळांना काय झालंय?"

"काही नाही गं. छान असतात. पण ना... बाथरूमच्या टाइल्ससारखी दिसतात."

फोन स्पीकरवर होता. आमचे हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही, पण त्यामागून खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला.

पहिलं नातवंड. ते जगात आल्यावर त्याला कोणाच्या हातचं पांघरूण घालायचं, एवढाच प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर माझ्या पोटच्या मुलीने फोनवर दिलं होतं. मी आंटींकडे लोकर पोचवली. वर म्हणालेसुद्धा, "आंटी, तुमच्यासारखं कोणाला जमणार?" हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही माहीत नाही.

एकोणीस दिवसांत त्यांनी तीस चौकोन दिले. मी दार लावून घेतलं आणि पट्टी घेऊन बसले. सगळ्यांत लहान पावणेसहा इंच, सगळ्यांत मोठा साडेसहा. सहा इंचाचे फक्त चार. खरं सांगायचं तर त्या महिन्यात मला इतका आनंद दुसऱ्या कशाचा झाला नव्हता. मोठे अकरा चौकोन पिशवीत घालून तळमजल्यावर गेले.

"आंटी, हे जोडता येणार नाहीत. मापात नाहीत."

त्यांनी एक हातात घेतला, जरा खेचला, जरा दाबला. "बसेल गो. लोकर ऐकते. तू लय पट्टी लावतेस तिला."

"पट्टी लावल्याशिवाय चौकोन कसा होणार?"

"आधी फळ होऊ दे, मग चौकोन होतो."

वर आले. चिडूनच आले. दुपारी दोन वाजता जेवणाच्या टेबलावर त्यांचा एक पेरू घेतला, शेजारी वही ठेवली, आणि तो उसवायला लागले. मला शोधून काढायचंच होतं, की ह्या बाई करतात काय. बाहेरच्या फेरीपासून आत आत, एकेक खांब मोजत, वहीत लिहीत गेले. हिरव्या सालीत एका बाजूला टाके दाट, दुसऱ्या बाजूला विरळ. लाल गराच्या तिसऱ्या फेरीत एकोणचाळीस खांब, दुसरीत बावीस, पहिलीत तेरा. बिया कुठेही, कशाही. एकही आकडा दुसऱ्याशी जुळेना. तासाभरात माझ्या मांडीवर शेवयांसारखी वळ्या पडलेली लोकर होती आणि वहीत दीड पान.

मग त्याच लोकरीने, त्याच आकड्यांनी, मी तो पेरू परत विणला. तेराला तेरा, बावीसला बावीस. बियासुद्धा वहीत लिहिल्या तिथेच. पुरा केला, उसवला, पुन्हा केला. टेबलावर ठेवून पाहिला. तो पेरू नव्हता. पेरूचा नकाशा होता.

तोच तिसावा म्हणून ठेवला. म्हटलं, जी बाई बारा आणि तेरातला फरक करत नाही तिला तिसांतला एक काय कळणार!

दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या, जोडकाम कुठवर आलं बघायला. पलंगावर मी सगळे मांडले होते. त्यांनी न वाकता नुसता हात वरून फिरवला, ऊन किती लागतंय बघावं तसा. एका जागी हात थांबला. मग म्हणाल्या, "चहा टाक." चहा घेतला, सोबत दोन बिस्किटं खाल्ली, डोहाळजेवणाला हिरवी साडी मी कुठून घेतली विचारलं, आणि गेल्या.

त्यानंतर तिसऱ्या सकाळी आमच्या दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली होती. आत एक पेरू. लोकरीचा, लाल गराचा. चिठ्ठी नाही, काही नाही.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाचं काय करायचं? आरडाओरड करणाऱ्याला उत्तर देता येतं. "माझा पेरू कुठे गेला?" असं त्यांनी विचारलं असतं, तर मी लोकर उंदराने कुरतडली म्हणून सांगितलं असतं. तयारी होती माझी. पण त्या काही विचारतच नव्हत्या.

तो एकतिसावा पेरू मी जोडला नाही. कपाटात साड्यांखाली ठेवून दिला आणि माझाच जोडला, चौथ्या ओळीत, उजवीकडून दुसरा. तिसांत एक तरी माझा असू दे, असं वाटलं. चोरून का होईना.

डोहाळजेवणाला पांघरूण खुर्चीवर पसरलं होतं. बायका ओटी भरायला यायच्या आणि आधी तिथे थांबायच्या. प्राची हातात बांगड्या, डोक्यात फुलं अशी बसली होती, पण तिचं बोट एकेका फळावरून चाललं होतं. चौथ्या ओळीत थांबलं.

"आई, हा पेरू वेगळा आहे ना?"

हॉलमध्ये तीसेक बायका. माझ्या हातात कुंकवाची कोयरी.

"तो मीच तिला करायला लावला," आंटी मागून म्हणाल्या. "आज्जीचा एक नको होय? उद्या पोर विचारेल, माझ्या आज्जीने काय केलं, तर काय सांगशील?"

"बघा, किती विचार करतात आंटी!" पालेकर वहिनी म्हणाल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. प्राचीने हात लांब करून आंटींचा हात धरला.

माझ्या चोरीचं श्रेयसुद्धा त्यांनाच गेलं. त्यांनी मला वाचवलं हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि त्याच क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका त्याआधी कधी आला नव्हता. फळांत त्या पुढे होत्याच. चांगुलपणात तरी बरोबरीने राहायचं होतं ना!

गुरुवार चालू राहिले. त्या विषयावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, मीही नाही. नात झाली, घरभर रांगायला लागली. पांघरूण ठाण्याला प्राचीकडे असतं. मी गेले की चौथ्या ओळीतला पेरू बघते. अजून सपाट आहे.

घरी कोणी नसलं की मी कपाटातला एकतिसावा काढायचे. दोन वेळा वही घेऊन बसले. एकदा सुईचं टोक अगदी शेवटच्या गाठीत घातलं. मग उठले आणि कुकर लावला.

मागच्या थंडीत एका सकाळी आंटी उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या. मी खाली गेले तेव्हा त्यांची भाची लविना वसईहून पोचली होती. पुढच्या खोलीत शवपेटी ठेवली होती, आंटींना फिकट निळा झगा घातला होता, हातात जपमाळ. लविना मात्र कपाटं उघडत होती आणि आपटत होती.

"तिच्या हातचं काहीतरी ठेवायचंय सोबत. अख्खं आयुष्य विणलं बाईनं, आणि घरात एक रुमाल नाय! सगळं वाटून टाकलं! सुया आहेत फक्त."

"माझ्या टीव्हीवर एक आहे," पालेकर वहिनी म्हणाल्या, "पण तो धुवायला झालाय गं."

कोणी म्हणालं, उशीचा अभ्रा आहे, पण मुलगा घेऊन गेलाय दुबईला. कोणी म्हणालं, पिशवी होती, हरवली. मी भिंतीला टेकून उभी होते. कपाटात साड्यांखाली जे होतं ते या इमारतीत फक्त मला माहीत होतं, आणि पेटीतल्या बाईंना. मी ते बोलले नसते तर कोणालाच कळलं नसतं. त्यांनी फक्त मला दिलेलं ते एक माझ्याकडेच उरलं असतं.

लिफ्टने वर गेले. पेरू काढला. परत ठेवला. पुन्हा काढला.

"हा घे," मी खाली येऊन लविनाला म्हटलं.

"तुमच्याकडे कुठून?"

"मी त्यांचा एक उसवला होता. बघायला, त्या कसं करतात ते. तर त्यांनी हा दिला. मी लपवून ठेवला."

पालेकर वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं असावं. लविना पेरूवरून अंगठा फिरवत होती.

"मग, कळलं का कसं करते?"

"नाही."

"पक्कं ना पण? आत गेला की परत नाय मिळणार हां."

"ठेव," मी म्हटलं.

तिने तो जपमाळेच्या खाली, दोन्ही हातांच्या मध्ये ठेवला. साडेसहा इंच सहज असेल. टाके किती, ते मी मोजलेले नाहीत. कडेला लोकरीचं एक टोक सुटून वर आलं होतं. ओढलं असतं तर सगळा उलगडला असता. मी पुढे होऊन ते बोटाने आत खोचलं. मग पेटीचं झाकण लागलं.

एक चौकोन मी त्यांना देणं लागत होते. तो त्यांनाच दिला.